गोणपाटातले शंभर दाणे

"गुरुजी, लेकराला मातीतून काढायला तुमच्याकडं घातलंय. तुम्ही पुन्हा मातीतच ढकलायलात व्हय?"

लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या पालकसभेत एका बापाने मला हे विचारलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. शाळेमागच्या दोन गुंठ्यांत मी सहावी-सातवीच्या मुलांकडून सोयाबीन आणि तूर लावून घेत होतो. बाप रागावलेला नव्हता, थकलेला होता. तीन एकर कोरडवाहू रान, वर कर्ज, आणि घरात शिकणारा एकच मुलगा. मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. उत्तर माझ्याजवळ नव्हतं असं नाही, पण ते नीट मांडायला मला पुढची सगळी नोकरी लागली.

तोच प्रश्न नंतर मी अनेक तोंडांनी ऐकला. शालेय अभ्यासक्रमात शेती आणू, अशी घोषणा राज्याच्या मंत्र्यांनी गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक वेळा केली आणि दर वेळी विरोधाचा सूर उमटला. शिकलेली माणसं तो सफाईदार भाषेत लावतात. शेतीचं शिक्षण म्हणजे बहुजनांच्या पोरांना पुन्हा औताला जुंपायचा डाव आहे, म्हणतात. ज्या धंद्यात पोट भरत नाही तो शिकवायचाच कशाला, असं विचारतात. शाळेने इंग्रजी द्यावं, संगणक द्यावा, आणि माती ज्याची त्याने घरी बघावी. या मंडळींशी मला भांडायचं आहे. त्या बापाशी नाही. त्याचं दुखणं खरं आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला आहे.

दुखणं खरं कसं, ते आधी कबूल केलं पाहिजे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर निघालं, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. दोन भावांत वाटणी झाली की दीड-पावणेदोन एकर हाती येतं, आणि त्यातलं बहुतेक पावसाच्या भरवशावर. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता. सुगीत आमच्याकडच्या अडतीवर माल त्याच्या खाली जात होता. अशा घरातल्या मुलाला 'तू शेतीच कर' असं सांगायला शाळेत धडा हवा असेल, तर मीही त्या धड्याच्या विरोधात उभा राहीन. शेती शिकवणारा माणूस हे आकडे मुलांपासून लपवत असेल तर तो मुलांशी खोटं बोलतो.

विरोधकांचा सर्वांत वजनदार दाखला मद्रासचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. शाळा दिवसाला तीन तासांची करायची आणि उरलेल्या वेळात मुलाने बापाचा धंदा शिकायचा. कुंभाराच्या मुलाने चाकावर बसायचं, न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरायचा. पेरियार आणि द्रविड चळवळीने या योजनेला कुळधंद्याचं शिक्षण म्हणून झोडपून काढलं. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाले आणि ती मागे घेतली गेली. योग्यच झालं. शहरातल्या मुलाला पूर्ण वेळ शाळा आणि खेड्यातल्या मुलाला अर्धी, हा अन्याय होता, आणि त्या अर्ध्या वेळेवर जातीचा शिक्का होता.

पण त्या योजनेत चूक नेमकी कुठे होती? कुंभाराच्या मुलाला मडकं घडवता येणं ही चूक नव्हती. वकिलाच्या मुलाला ते येण्याची गरज कुणाला वाटली नाही, इथे चूक होती. खेड्यातल्या मुलांपुरता शेतीचा विषय काढा, तो पुन्हा मद्रासच होईल. राज्यातल्या प्रत्येक मुलाला, बोर्ड कोणतंही असो आणि माध्यम कोणतंही असो, शेती शिकवा, म्हणजे त्याच विषयाचा अर्थ उलटा होतो. माझी मागणी ही दुसरी आहे. पहिलीच्या विरोधात जे लिहिलं जातं त्याने दुसरी खोडली जात नाही.

आणि बहुजनांच्या नावाने हा विरोध करणाऱ्यांनी महात्मा फुल्यांचं १८८२ चं निवेदन एकदा समोर घ्यावं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपलं म्हणणं लेखी मांडलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गावर होतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावं, तेही त्यांनी सांगितलं आहे. मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, थोडं नीतीचं आणि आरोग्याचं ज्ञान, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. पुढे जाऊन खेड्यातल्या शाळांना जोडून लहानशी नमुना शेती असावी, तिथे मुलांना प्रत्यक्ष धडे मिळावेत, देशाचं त्यात मोठं हित आहे, असंही ते म्हणतात. दुसऱ्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला.

बहुजनांच्या पोरांना औताला जुंपण्याचा डाव जोतीरावांनी केला, असं कुणी म्हणेल का? मला त्या यादीतली दोन कलमं सारखी जवळजवळ दिसतात. हिशेब आणि शेती. कुलकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिलंय ते न कळणारा, सावकाराच्या वहीवर अंगठा उठवणारा शेतकरी जोतीरावांनी जवळून पाहिला होता. शेती करणाऱ्याला अक्षर येत नाही आणि अक्षर येणाऱ्याला शेती कळत नाही, या दोन अडाणीपणांच्या मधल्या जागेत लूट चालते, हे त्यांना दिसलं होतं. म्हणून त्यांना दोन्ही एकाच शाळेत हवं होतं. आपण अक्षर घेतलं, हिशेब घेतला, आणि शेती त्या यादीतून गाळली.

आता शेती शिकवणं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. माझ्या मते या वादातली निम्मी माणसं डोळ्यांसमोर खुरपं घेतलेलं मूल आणून बोलतात. मी शंभर दाणे आणून बोलतो.

मे महिन्याच्या शेवटाला किंवा शाळा उघडल्या उघडल्या मुलांनी घरच्या पोत्यातलं सोयाबीनचं बी आणायचं. न निवडता, वरचं-मधलं-तळातलं मिसळून शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून धडधाकट कोंब मोजायचे. सत्तर आले तर उगवण सत्तर टक्के. शेकडेवारीचा धडा सहावीच्या पुस्तकात असतोच. पुस्तकातला दुकानदार पेन विकून शेकडा किती नफा मिळवतो, हे पोरं करून टाकतात आणि विसरतात. ही टक्केवारी त्यांच्या बापाच्या हंगामाची असते, ती विसरत नाहीत.

मग त्रैराशिक. एकरी ३० किलो बियाण्याची शिफारस ७० टक्के उगवण धरून केलेली असते. बी ६० टक्केच उगवणारं निघालं तर एकरी किती लागेल? ३५ किलो. तीन एकरांना किती जास्तीचं, आणि त्याचे पैसे किती? मग पोरं विचारतात, बी उगवत का नाही? इथून विज्ञान सुरू होतं. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, कोंबाचा भाग सालीला अगदी लागून असतो. मळणी यंत्राचा वेग जास्त झाला किंवा पोतं उंचावरून आदळलं की आत इजा होते, वरून दाणा चांगला दिसतो. काढणीच्या वेळी पाऊस लागला तर आणखी बिघडतं. २०१९ च्या ऑक्टोबरात असाच अवकाळी पाऊस काढणीला आलेल्या सोयाबीनवर पडला आणि २०२० च्या जूनमध्ये मराठवाडा-विदर्भात बी उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. एका वर्षीच्या पावसाचा दुसऱ्या वर्षीच्या पेरणीशी असलेला हा धागा सातवीतलं मूल पकडू शकतं. मी पकडताना पाहिलं आहे.

यात मुलाला शेतकरी बनवण्यासारखं काय आहे? यात गणित आहे, जीवशास्त्र आहे, हवामान आहे. फक्त उदाहरण त्याच्या ओळखीचं आहे, आणि उत्तराला किंमत आहे.

आमच्या शाळेत एक मुलगी होती. आई मजुरीला जायची, वेचणीच्या दिवसांत मुलगीही शाळा बुडवून जायची. चाचणीत सगळ्या विषयांत मागे. एकदा रात्री पाऊस झाला आणि सकाळी मी मुलांना म्हणालो, चला, आज वाफे करून घेऊ. ती मागून म्हणाली, "सर, आज नका. वाफसा न्हाई." मी विचारलं, कशावरून? तिने खाली वाकून मूठभर माती घेतली, दाबून गोळा केला, कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. गोळा पचकन बसला, फुटला नाही. "फुटला की वाफसा," ती म्हणाली. काळ्या मातीतली चिकण फुगलेली असते, कणांमधल्या पोकळ्यांत नुसतं पाणी असतं, हवेला जागा नसते. अशा रानात औत घातलं की ढेकळं पडतात आणि मुळांना श्वास मिळत नाही. पाणी थोडं उतरून हवा आत शिरली की वाफसा येतो. मृदाशास्त्राचा अख्खा एक पाठ त्या मुलीने मुठीत धरला होता आणि आमच्या प्रगतीपुस्तकात त्याला रकाना नव्हता. मातीचे प्रकार पाठ म्हणणाऱ्या मुलाला मी गुण देत होतो आणि हिला नापास करत होतो. त्या दिवसाची लाज मला अजून आहे.

मुलांना मातीतून बाहेर काढा म्हणणाऱ्यांना या मुलीकडे पाहायला सांगावंसं वाटतं. तिला शाळेतून बाहेर ढकललं ते मातीने नव्हे. तिच्याजवळ जे होतं ते ज्ञानच नाही, असं शाळेने तिला रोज सांगितलं, म्हणून ती शाळा सोडून गेली.

आणखी एक धडा मला प्रत्येक शाळेत हवा आहे, आणि तो जीवनमरणाचा आहे. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अति तीव्र विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यांत पडली. त्या घरांतली मुलं शाळेत मूलद्रव्यांच्या संज्ञा पाठ करत होती. घराच्या कोनाड्यात ठेवलेल्या बाटलीवरचा रंग काय सांगतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, दोन औषधं मनाने एकत्र करू नयेत, रिकामी बाटली पाण्यासाठी वापरू नये, हे रसायनशास्त्राच्या तासाला सांगायला किती वेळ लागतो? शेती शाळेत नको म्हणणाऱ्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना मला हे समोरासमोर विचारायचं आहे.

आता हिशेब. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याने दहा पोती कांदा नेला, ५१२ किलो. भाव लागला किलोला १ रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता उरले २ रुपये ४९ पैसे, आणि व्यापाऱ्याने २ रुपयांचा धनादेश दिला. हिशेबाच्या त्या पट्टीचं छायाचित्र सगळीकडे फिरलं, लोक हळहळले, आणि दुसऱ्या दिवशी विसरले. मला ती पट्टी पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात हवी आहे. ५१२ वजा ५०९.५१. वजाबाकी सोपी आहे. पुढचे प्रश्न सोपे नाहीत. कांदा उपटायला, कापायला, भरायला किती मजुरी गेली असेल? शेतात नांगर फिरवला असता तर किती वाचलं असतं? त्याच आठवड्यात पुण्यात किरकोळ भाव काय होता, आणि मधले पैसे कुठे गेले?

या शेवटच्या प्रश्नापाशी शहरातली शाळा येते, आणि माझ्या मते या विषयाची खरी गरज तिथेच आहे. गावातलं मूल शेतीला शाळेविना थोडंफार ओळखतं. शहरातलं मूल ओळखत नाही, आणि पुढे तेच वाणिज्य मंत्रालयात अधिकारी होतं, बातम्या लिहितं, महागाईवर मत देतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. डिसेंबरात निर्यातबंदीच आली, ती मे २०२४ मध्ये उठली. लासलगावचा शेतकरी त्या पाच महिन्यांत काय भोगत होता, हे मुंबईत कांदा चिरणाऱ्या घराला कळायला हवं होतं. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा किती दिवस टिकतो, किती सडतो, रांगडा आणि उन्हाळ यांत फरक काय, हे ज्याला माहीत नाही त्याला कांद्याचा भाव वाढला की शेतकऱ्याने साठेबाजी केली असंच वाटतं. हे अज्ञान निरुपद्रवी नाही. त्यावर सरकारं धोरणं आखतात.

शहरातल्या शाळा म्हणतात, आम्ही करतो की. वर्षातून एकदा सहल नेतो. मुलं बैलगाडीत बसतात, हुरडा खातात, फेटा बांधून फोटो काढतात. वर्गात कुल्हडात मटकी रुजवतात. 'मी शेतकरी बोलतोय' हा निबंध लिहितात, त्यात जगाचा पोशिंदा हा शब्द एकदा तरी येतो. माझा या प्रेमालाही विरोध आहे. ज्याला आपण पोशिंदा म्हणून ओवाळतो त्याची पट्टी वाचायची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. मुलाला शेतकऱ्याबद्दल कृतज्ञता वाटावी, याला माझी हरकत नाही. पण कृतज्ञतेने कांद्याला भाव मिळत नाही. त्या सहलीत मुलांना शेतमालकाने एवढं जरी सांगितलं की हे हुरड्याचं शेत ज्वारी विकून नव्हे, तुमच्या तिकिटाच्या पैशांवर चालतं, तरी ती सहल शिक्षण झाली असती.

शाळेत शिजणाऱ्या खिचडीपासूनही सुरुवात करता येते. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. आमच्या भागात भात पिकत नाही. ज्वारी पिकणाऱ्या गावातलं मूल दुपारी परप्रांतातून अन्न महामंडळाच्या गोदामांतून आलेला तांदूळ खातं, आणि त्याच्या घरची ज्वारी बांधावर पडेल भावात विकली जाते. असं का? हा प्रश्न एका इयत्तेत संपत नाही. त्यात हरितक्रांती येते, सरकारी खरेदी येते, १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि रोजगार हमीच्या कामावर वाटलेली सुकडी येते. आजी-आजोबांना त्या मिलोच्या भाकरीची चव आठवते. नागरिकशास्त्र याहून चांगलं कुठून शिकवणार?

पुस्तकांतला शेतकरी कोण असतो, हेही मला बोललं पाहिजे. चित्रात धोतर-मुंडाशातला पुरुष असतो, बैलजोडी असते. खुरपणी, वेचणी, काढणी, बियाणं राखून ठेवणं यांत जिचे हात असतात ती बाई चित्रात भाकरी घेऊन येताना दिसते. म्हणून सातबारा शाळेत यावा. गाव नमुना सातवर मालकी, बारावर पिकं. मुलांनी आपापल्या घरचा उतारा आणावा आणि त्यावर आईचं नाव आहे का, ते शोधावं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात बायकांच्या नावावर जमीन करायला लावली, तो इतिहास त्या कागदाच्या आधारे सांगता येतो. आणि ज्यांच्या घरी सातबाराच नाही त्या मुलांसमोर हा तास घेताना शिक्षकाने फार जपून बोलावं. त्यांची जमीन का नाही, हा प्रश्नही शेतीचाच आहे. बीडहून दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल फेडायला निघणारी जोडपी, ज्यांना कारखान्याच्या भाषेत एक 'कोयता' म्हणतात, त्यांची मुलं उसाच्या फडात जातात. साखर कुठून येते, हे शिकवायचं असेल तर ती मुलं त्या धड्यात असली पाहिजेत. फडातल्या मुलाला वगळून लिहिलेला उसाचा धडा मी खोटा मानतो.

काही जण म्हणतात, हे सगळं पूर्वी करून झालं आणि फसलं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली, झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला, हस्तोद्योगातून आणि शेतीतून शिक्षण. स्वातंत्र्यानंतर ते ओसरलं. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव सुचवला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य आणलं. आमच्या शाळांत कार्यानुभव म्हणजे खडूचे साचे आणि रंगीत कागदाचं तोरण झालं, शेवटी नोंदवहीत श्रेणी भरायची एवढंच उरलं. हे सगळं खरं आहे. पण फसलं कशामुळे, ते बघा. नई तालीमच्या मूलोद्योगी शाळा गरिबांच्या पोरांसाठी राहिल्या आणि ज्यांच्या हातात शिक्षणखातं होतं त्यांची मुलं दुसऱ्या शाळांत गेली. ज्या विषयाचे गुण बोर्डात धरले जात नाहीत, तो विषय शाळेत जगत नाही.

जिथे गुण धरले, तिथे विषय जगला. शिरूर तालुक्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शास्त्रज्ञाची नोकरी केलेला माणूस खेड्यात येऊन राहिला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी आठवड्यातून एक दिवस हाताने काम करायचा अभ्यासक्रम बसवला. शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी, गृह-आरोग्य. मुलं माती तपासून देतात, रक्तगट तपासतात, वेल्डिंग करतात आणि गावाला सेवा देतात, आणि राज्य मंडळाने या विषयाला दहावीला मान्यता दिली. पाबळचं मूल त्यामुळे मागे राहिलं, असा पुरावा कुणी दाखवावा.

शिक्षकांवर आणखी ओझं टाकू नका, हा आक्षेप मी स्वतः अनेक वर्षं केला आहे. निवडणूक, जनगणना, तांदळाचा हिशेब, रोज एक नवी माहिती ऑनलाइन भरा. म्हणून मला नवा विषय नको, नवं पुस्तक नको. आहेत त्या गणित-विज्ञान-भूगोलाच्या पुस्तकांतली उदाहरणं बदला, आणि गावातल्या जाणत्या बाईला महिन्यातून दोनदा वर्गात बोलवायची सोय करा, रीतसर मानधन देऊन. बियाणं कसं राखायचं, हे तिच्यापेक्षा मला जास्त येत नाही.

मजुरीचा मुद्दा उरतो, आणि त्यात मी कडक आहे. मुलांना स्वतःच्या रानात खुरपायला नेणारे शिक्षक मी पाहिले आहेत. २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या कामात मुलांनी शाळेनंतर मदत करण्याला कायद्याने मोकळीक दिली, तिचा गैरवापर होतो, हेही पाहिलं आहे. शाळेच्या शेतीत मुलाने मोजावं, लिहावं, तुलना करावी. त्यासाठी लागेल तेवढंच खुरपं हातात घ्यावं. उत्पन्न कुणाच्याही घरी जाऊ नये, खिचडीत जावं.

तर त्या बापाचा प्रश्न. त्याच्या मुलाने त्या वर्षी घरात आणलेल्या बियाण्याचे शंभर दाणे गोणपाटात घातले होते. सातव्या दिवशी कोंब मोजले, अठ्ठावन्न आले. मुलाने तो आकडा वहीत लिहून घरी नेला. बी घरचं नव्हतं, कृषी केंद्रातून आणलेलं होतं, पिशवी सीलबंद होती. संध्याकाळी बाप वही घेऊन माझ्याकडे आला, या खेपेला मातीबद्दल काही बोलला नाही. "आता काय करावं?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, पिशवी, तिच्यावरचा टॅग, लॉट नंबर आणि पावती घेऊन तालुक्याला कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करा.

पिशवी फेकून दिली होती. बी उधारीवर आणलं होतं, पावती दुकानदाराने दिली नव्हती. त्याने बी वाढवून पेरलं, एकरी ३६ किलो पडलं, हिशेब मुलानेच करून दिला.

पुढच्या जूनमध्ये आम्ही सातवीला पावतीपासून सुरुवात केली.